वकीलराव एकदाच विचारायचे

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. तंजावुरात कुणी वकीलरावांचा विषय काढला की मी त्यांच्या गमती सांगायचो. लोक हसायचे आणि पुढचं मी गिळून टाकायचो. आता पंच्याहत्तरी उलटली. या खेपेस पुढचंही सांगतो.

मी त्यांचा गुमास्ता होतो. नवा अशील आमच्या कचेरीच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसला की वकीलराव आधी आतून ताक मागवायचे. तो घाईनं कागदांची गाठ सोडू लागला की तळहात आडवा धरायचे आणि विचारायचे, "समन्स आलं तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

माणूस गोंधळायचा, मग आठवून सांगायचा. एक जण अंगाला तेल लावून न्हायला निघाला होता. कोर्टाचा अमीन कागद देऊन गेला आणि हा संध्याकाळपर्यंत तसाच तेलकट बसून राहिला. वकीलराव हसले नाहीत. नंतर मला म्हणाले, "हे दाव्याच्या अर्जात नसतं, गुमास्ते. आणि मला बोलायचं असतं ते या माणसासाठी."

ते फक्त प्रतिवादीचं काम घेत. एकदा एक बडा मिरासदार शेजाऱ्यावर दावा लावायला आला. वकीलराव म्हणाले, "तुमच्यावर कुणी दावा लावला की या."

"माझ्यावर कोण लावणार?"

"मग देवाची कृपा आहे. ताक घ्या."

दोन वर्षांनी तोच मिरासदार खाली मान घालून तिण्णैवर बसला होता. भाऊबंदांनी त्याला कोर्टात खेचलं होतं. वकीलरावांनी एका शब्दानं जुनं काढलं नाही. ताक मात्र आठवणीनं मागवलं.

आणखी एक सवय होती. कुठलीही गोष्ट ते एकदाच विचारायचे. दावा झालेल्या माणसाला घरचे, शेजारचे, सोयरे तेच तेच विचारून बेजार करतात. निदान वकिलानं तरी पहिलं उत्तर खरं मानावं, असं त्यांचं म्हणणं. मुन्सिफ कोर्टातले बाकीचे वकील यावरून त्यांची टर उडवीत. अशीलही कधीमधी फसवीत. सवय गेली नाही. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्याशी खोटं बोलणं फार सोपं असतं आणि नंतर फार जड जातं.

मराठी घरांतले जुने मोडी कागद वाचून त्यांची नक्कल आणि तमिळ तर्जुमा करणं हे माझं काम. मोडी येणारे आम्ही गावात दोघे-तिघेच उरलो होतो.

तिरुवैयारुच्या एका विधवा बाईंवर पुतण्यानं दावा लावला. आम्ही त्यांना अक्का म्हणू. घर आमचं, काकूला दयेनं राहू दिलं, आता तिनं निघावं, असा. वकीलरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "गच्चीवर वाळवणाचे वडाम घालत होत्यें. अर्धे घातले, उरलेलं पीठ आंबून गेलं, राव." आणि पदराखालून एक कागद काढला. सासऱ्यांच्या हातचा, मोडीतला, खाली शिक्का: ही जिवंत असेतो घर हिचं. त्या कागदावरच सगळा बचाव उभा होता.

वकीलरावांच्या शिरस्त्यानं अस्सल कागद अशिलाच्या घरीच राहायचा. मी तो फक्त तर्जुम्यापुरता घेतला. शिक्का पुसट होता, म्हणून माझ्या वडिलांच्या दप्तरात त्याच घराण्याची जुनी पत्रं होती, त्यांवरच्या शिक्क्यांशी ताडून पाहायला घरी नेला. ताडून पाहिला. नक्कल आणि तर्जुमा झाला. अस्सल त्या दप्तरातच राहिला.

आमच्या घरांत मोडी कागद जाळत नाहीत, रद्दीत देत नाहीत, कारण प्रत्येकाच्या माथ्यावर 'श्री' असतं. कसर लागलेले कागद आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, कावेरीला नवं पाणी आलं की तिच्यात सोडायचे. वडिलांचं दप्तर सोडायचं बायको किती वर्षं म्हणत होती. त्या वर्षी मी तिला घेऊन तिरुवैयारुला गेलो आणि घाटावर उभं राहून ते उघडूनही न बघता पाण्यात सोडलं. हात जोडले. त्या घाटावरून बाईंची गच्ची दिसत होती.

दोन दिवसांनी कागद परत करायचं आठवलं, आणि तो कुठे आहे ते उभ्या जागी कळलं.

त्याच सकाळी वकीलरावांनी विचारलं, "अक्कांचा कागद त्यांना पोचला?"

मी म्हणालो, "पोचला."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सुनावणी जवळ आली तेव्हा बाई सांगू लागल्या की कागद परत आलाच नाही. वकीलरावांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "अस्सल हरवल्याचं सिद्ध झालं तर कोर्ट नक्कल घेतं. अक्का म्हणतात आला नाही, तुम्ही म्हणता दिला. हरवला कुठे म्हणून सांगू?" मी बोरू तासत होतो, तो तासत राहिलो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर घर वाचलं असतं. हे त्यांनी इतकं सोपं करून मला सांगितलं होतं.

पुतण्याच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं. मी शपथेवर सांगितलं, कागद बाईंना परत दिला. मुन्सिफांनी वकीलरावांना विचारलं, उलटतपासणी? ते उठले, माझ्याकडे पाहून "नाही" म्हणाले आणि बसले. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यांच्याकडे बघत होत्या.

अस्सल बाईंकडेच आहे, तरी दाखवत नाहीत, म्हणजे तो बनावट आणि नक्कलही घेता येत नाही, असं ठरलं. बाई ओरत्तनाडुला भावाकडे गेल्या. सामान बैलगाडीत चढेपर्यंत वकीलराव तिथे उभे होते. दोन वर्षांत बाई वारल्या.

त्या दाव्यानंतर त्यांनी नवं वकीलपत्र घेतलं नाही. कारण विचारणाऱ्याला सांगत, "एका कुणावरचा माझा विश्वास चुकला. कुणावरचा, ते मला ठरवता येत नाही."

मी दुसऱ्या कचेरीत लागलो, पण त्यांच्याकडे जाणं सोडलं नाही. पुढे त्यांची दृष्टी गेली. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. तोंडून ते वाक्य निघत नव्हतं, म्हणून एका दुपारी मी ते मोडीत लिहून नेलं. दारात पाय ठेवल्यावर लक्षात आलं की त्या घरात मोडी वाचणारा माझ्याखेरीज कुणी नाही.

कागदाची घडी उलगडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. "पत्र आहे? कुणाचं?"

"एका जुन्या अशिलाचं."

"काय लिहितो?"

मी कागदाकडे बघत म्हणालो, "खुशाल आहे. तुम्हांला नमस्कार लिहिलाय."

वकीलराव सावरून बसले आणि त्या कागदाच्या दिशेनं त्यांनी हात जोडले. पुढच्या महिन्यात ते गेले.

कागदावर लिहिलं होतं: श्री. अक्कांचा कागद मी परत दिला नव्हता. तो माझ्या हातून नदीत गेला. अक्का खरं बोलत होत्या. मला क्षमा करावी.