उरलेल्या गोळ्यांचा डबा

नवऱ्याचे ओठ सुजून उलटे झाले होते. डोळे मिटत चालले होते आणि श्वास घेताना गळ्यातून शिट्टी वाजत होती. हातमागाशेजारी भिंतीला टेकून ते बसले होते. पायाला गळू झालं म्हणून थोड्या वेळापूर्वी मीच त्यांना गोळी दिली होती.

आमच्या बोळात औषध टाकून द्यायची पद्धत नव्हती. उरलेल्या गोळ्या पुडीत बांधून ठेवायच्या, कुणाला तसंच दुखणं आलं की द्यायच्या. मुलगी पुण्याहून बी. फार्म. होऊन आली, तेव्हापासून बायका त्या पुड्या तिला आणून द्यायला लागल्या. ती त्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची. "अव्वा, ह्याला हात लावू नको. ह्या फेकायच्या हायत," म्हणायची. मी चौथी शिकलेली. मला वाटलं, हिच्या डब्यातलं औषध चांगलंच असणार. शेजारणीच्या नवऱ्याला त्याच गोळीनं गुण आला होता.

मुलगी पोस्टातून परत आली. बापाचं तोंड बघून तिनं एवढंच विचारलं, "कुठली दिलीस?" मी डबा दाखवला. तिनं तो काखेत मारला आणि टांगा आणला.

दवाखान्यात डॉक्टरनं गोळीचं विचारलं. मी म्हटलं, "पांढरी." डब्यात पांढऱ्याच जास्त होत्या. मुलीनं फोडलेली पुडी काढली, गोळीवरची अक्षरं वाचली आणि "पेनिसिलिन" म्हणाली. तोवर इंजेक्शन देऊन झालं होतं. शिट्टी हळूहळू थांबली. तरी डॉक्टर रात्रभर इथंच ठेवा म्हणाले.

बाकावर बसल्यावर तिच्या पिशवीत पुढच्या शिक्षणाचा एक फॉर्म दिसला. पोस्टल ऑर्डर आणली होती, बापाची सही राहिली होती. ते सही देत नव्हते. माझ्या भावाला औषधाचं दुकान टाकायचं होतं. परवान्यासाठी हिचं सर्टिफिकेट दुकानाच्या भिंतीला लावायचं आणि हिचं लग्न करून टाकायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. मीही हो म्हटलं होतं.

"अजून काय शिकायचं राहिलंय तुझं?" मी विचारलं.

"दुकानाला हाय तेवढं पुरे. कारखान्यात गेलं तर गोळ्या बनवायचं शिकवत्यात. एम. फार्म.मध्ये झाडपाल्यातनं औषध काढायचं बी शिकता येतं. मला ते नको. औषध अंगात गेल्यावर काय करतं, ते शिकायचंय. एकाला गुण येतो आन् अप्पांचा जीव का जायला लागतो, ते."

"किती वर्षं?"

"दोन. मुंबईला."

"आणि लग्न?"

"त्याच्या फॉर्मला शेवटची तारीख नसती की अव्वा."

सकाळी नवऱ्याला बोलता यायला लागलं. मी फॉर्म त्यांच्यापुढे धरला.

"दुकानाचं काय?" ते म्हणाले.

"भावाला सांगते, भिंतीला कॅलेंडर लाव म्हणून."

ते जाड ओठांनी हसले. "पोरीला पाठव. पण आधी तो डबा तू हातातनं सोड. तुला पयला पेशंट मीच गावलो."

सही वाकडी आली. मुलीनं फॉर्म त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवला, आणि पावसाळ्यात ती मुंबईला गेली. जाण्याआधी बोळातल्या बायकांना बसवून तिनं प्रत्येक पुडीतल्या औषधाचं नाव विचारलं. एकीलाही सांगता आलं नाही. डबा तिनं सगळ्यांसमोर रिकामा केला.

नवरा त्यानंतर एकोणीस वर्षं जगला.