डोमाचा ॲम्प्लिफायर

डोमा रामटेके भंडाऱ्याच्या एस.टी. डेपोत इलेक्ट्रिशियन होता. ड्युटी संपली की त्याचे पाय घराकडे असे पळायचे, की याचं नुकतंच लग्न झालंय असं नवख्याला वाटावं. लग्न कसलं! घरी वाट बघत असायचा तो अर्धवट जोडलेला ॲम्प्लिफायर.

हे वेड लागलं अठ्ठ्याहत्तर साली, नागपुरात. सीताबर्डीवर सुटे भाग घ्यायला गेला असताना एका दुकानदारानं स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर लावून दाखवला. गाणारी बाई दोन ओळींच्या मधे श्वास घेत होती आणि तो श्वास डोमाला ऐकू आला. जन्मभर रेडिओ ऐकला, पण गाणाऱ्याला श्वास लागतो हे कधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. परतीच्या गाडीत त्याला एकच प्रश्न पडला होता. मायचा आवाज असा ऐकता येईल काय?

त्याची माय, बायजाबाई, धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, गाण्याची ओळ उचलणारी बाई. चिखलात वाकून तिनं ओळ टाकायची आणि मागच्या बायांनी झील धरायची, म्हणजे तीच ओळ मागून म्हणायची. तिच्यासाठी लोक बांधावर थांबत. आता गुडघे गेले, रोवणी सुटली, गाणं घरात मुकाट बसलं. डोमाला ते जसंच्या तसं हवं होतं, श्वासासकट.

मग काय, घराची प्रयोगशाळा झाली. सायकलच्या चाकाचं यंत्र करून त्यानं ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळला. शेजारच्या टिकारामनं, जो एरवी पितळेच्या पराती ठोकायचा, पितळेचीच पेटी ठोकून दिली. स्पीकरच्या सागवानी खोक्यात भरायला सावरीचा कापूस हवा होता, त्यापायी बायजाबाईंची उशी कामी आली. सुरुवातीला नुसतं घूं घूं वाजायचं. अर्थिंगच्या साऱ्या तारा एकाच जागी आणून जोडल्या तेव्हा ते घुमणं थांबलं, आणि त्या आनंदात गडी जेवायचा विसरला.

एका दुपारी टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्यानं मायला गायला लावलं. ती एकटीच गायली, पण सवयच अशी, की प्रत्येक ओळीनंतर झिलीपुरती जागा रिकामी सोडत गेली. डोमानं टेप ॲम्प्लिफायरला जोडली. खोली आवाजानं भरली. बायजाबाईंनी नीट कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "कोन बाई हाये ही?"

"माय, तूच तं हायेस!"

"हट्! हा काही माहा आवाज नाही. माहा जाड हाये. ही तं नाकातून गाऊन राहिली."

आता दुसरा कोणी असता तर म्हातारीला काय कळतं म्हणून मोकळा झाला असता. पण ज्याचा आवाज त्यालाच विचारावं, हे डोमाला वाजवी वाटलं. खात्रीसाठी त्यानं स्वतःचं "हॅलो, हॅलो" भरून ऐकलं, तर तेही कुणा परक्याचं, बारीक. म्हणजे मायचं खरं होतं, यंत्रच खोटं बोलत होतं. त्यानं सारं उचकटलं आणि पुन्हा जोडलं.

किती वर्षं हे चाललं म्हणता! ट्रान्झिस्टर बदलले, स्पीकर बदलले, जुन्या व्हॉल्व्हचाही एक करून पाहिला. दर वेळी बायजाबाई मन लावून ऐकायच्या आणि लेकाचं वाईट वाटून हळूच म्हणायच्या, "वाजते चांगला रे बाबू. पन बाई दुसरीच हाये."

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात डोमा थकला. एका रविवारी सकाळी त्यानं ठरवलं, बस झालं. ट्रान्सफॉर्मर डेपोतल्या घनश्यामला बॅटरी चार्जरसाठी द्यायचा, पेटी टिकारामनं वितळवायची. पेटीचे स्क्रू काढायला पेचकस हातात घेतला, पण राहवेना. शेवटचं म्हणून टेप लावली आणि डोळे मिटून बसला.

तेवढ्यात बपेऱ्याहून आलेली मावशी, पार्वताबाई, पिशवी सावरत दारात उभी राहिली. बाहेरचं ऊन डोळ्यांत, आत अंधार. तिथूनच ती कडाडली, "बायजे! घरी पाव्हना आला, अन् तू गात बसली? पानी दे अगुदर!"

टेप गात राहिली.

"आयकू नाही येऊन राहिलं काय वं तुले?"

"मी तं तुह्या मांगं उभी हावो," बायजाबाई म्हणाल्या. त्या विहिरीवरून घागर घेऊन येत होत्या.

पार्वताबाई एकदा घागरीकडे बघे, एकदा स्पीकरकडे. "मंग आत कोन हाये? हा आवाज मी तू पाळण्यात होती तवापासून आयकून राहिली!"

डोमाच्या हातून पेचकस गळाला. त्यानं घाईघाईनं आपलं जुनं "हॅलो" लावलं. "माय, हा कोनाचा?"

"तुहाच. मले काय तुहा आवाज समजत नाही?"

दोघींना दुसऱ्याचा आवाज ओळखू येतो, ज्याचा त्याला मात्र येत नाही! डोमानं कानात बोटं घालून स्वतःशी बोलून पाहिलं. आवाज हाडांतून आला, जाड आणि ओळखीचा. त्यानं मायलाही तसं करायला लावलं. बायजाबाईंनी घागर खाली ठेवली, दोन्ही कानांत बोटं घातली, एक ओळ म्हटली आणि चेहरा उजळला. "हाव! हा माहा!"

"तो तुले आतून येते, माय. आमाले हा बाहेरचा येते."

बायजाबाईंनी बोटं काढली. स्पीकरसमोर जमिनीवर बसल्या. इतक्या रोवण्या, इतके बांध, आणि हा आवाज तेवढा त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. "मंजे बायांले असा आयकू येत होता," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "लाव रे बाबू. पहिल्यापासून लाव."

डोमानं टेप मागे घेतली. ओळ आली, मग श्वास, मग ती झिलीपुरती रिकामी सोडलेली जागा. जन्मभर पुढं गाणाऱ्या बायजाबाईंनी त्या जागेवर पहिल्यांदा झील धरली.