भिंतीवरची हाताची घडी

आमच्या जिल्ह्यात तंत्रज्ञानाचे उद्योग उभे राहावेत म्हणून झटणाऱ्या एका संस्थेत लेकीबरोबर गेलो होतो. तिच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बनवण्याच्या छोट्या उद्योगाला तिथे जागा मिळणार होती. भिंतीवर विश्वस्तांचे फोटो होते आणि झाडून सगळ्यांनी हाताची घडी घातलेली. शाळेत बाई घडी घालायला लावत, ती आम्ही कशाला हात लावू नये म्हणून. मग ही कामाची माणसं अशी का उभी?

"सगळे बिनपगारी काम करतात, काका," मी फोटो न्याहाळतोय हे पाहून स्वागतकक्षातल्या ताई म्हणाल्या.

"का पण?"

त्यांनी लेकीचा अर्ज पुढे ओढून शिक्का मारला. पगार नाही आणि वर हाताची घडी; ही माणसं काही करतात तरी का, हा माझा संशय आणखी वाढला.

तेवढ्यात नव्या उद्योजकांचे फोटो काढायला आलेल्या फोटोग्राफरने लेकीला भिंतीपाशी उभं केलं. त्याने काही सांगायच्या आतच तिने हाताची घडी घातली. सोल्डरिंगने भाजलेली तिची बोटं दिसेनाशी झाली.