एकही गोळी चुकवली नव्हती

माझ्या गोळ्यांचं रिकामं पाकीट डॉक्टरीणबाईंनी पेनाच्या टोकानं माझ्याकडे ढकललं. हात लावला नाही.

"चुकवलीस गोळी. दुसरं काय?"

"एकही नाही चुकवली, मॅडम."

मग दाराशी बाकावर बसलेल्या बायकांकडे बघून त्या कन्नडमध्ये मोठ्यानं म्हणाल्या, "ई जनक्के मात्रे तगोळ्ळोकू बरल्ला." या लोकांना गोळ्यासुद्धा घेता येत नाहीत. ब्लाउज शिवायला टाकताना माझ्याशी मराठीत बोलणारी बाई. त्या दिवशी मात्र सगळ्यांना कळावं म्हणून कन्नड. बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

आम्ही शिंपी. अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या आळीत, आमचं छोटं दुकान. डॉक्टरीणबाईंचे ब्लाउज मीच शिवायची. पाव इंच इकडेतिकडे झालेलं त्यांना खपत नसे. मापाला मी चालत होते, दिवसाला एक गोळी घ्यायला मात्र अडाणी. गोळ्या मशीनच्या खणात बॉबिनशेजारी असायच्या. सकाळी दोरा ओवायच्या आधी एक.

तीन महिन्यांपूर्वी मला क्षय निघाला होता. औषध त्यांनीच लिहिलं. मूल राहू नये म्हणून गोळ्या चालू आहेत, हे मी तेव्हाच सांगितलं. त्यांनी कार्डावर लिहूनही घेतलं. तरी दिवस गेले.

"पिशवी साफ करून देते," त्या म्हणाल्या. "पण मुलं बंद करायच्या ऑपरेशनच्या कागदावरही सही करायची. तुझ्यानं गोळ्या जमत नाहीत."

मला एकच मुलगी. बरी झाल्यावर दुसरं मूल हवं होतं. तरी कागद घेऊन घरी आले. खणातली रिकामी पाकिटं पुन्हा पुन्हा तपासली. एवढं करूनही वाटत होतं, माझंच चुकलं असेल.

दुसऱ्या दिवशी क्षयाच्या केंद्रात डोस घेताना तिथल्या नर्सअक्कांनी विचारलं, रडतेस कशाला. मी सांगितलं.

"अय्यो! ह्या लाल गोळीनं त्या गोळीचा जोर जातो की गं. सांगितलं नाही काय कुणी?"

त्यांनी माझं कार्ड वाचून दाखवलं. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू, असं स्पष्ट लिहिलेलं. खाली लाल गोळीचं नाव. दोन्ही एकाच अक्षरात.

मी तिथून सरळ दवाखान्यात गेले. कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"हे तुम्हीच लिहिलंय, मॅडम. मला का नाही सांगितलं?"

त्यांनी बाकाकडे पाहिलं. आता मराठी आलं. "हळू बोल."

मग म्हणाल्या, "सांगून तुला कळलं असतं काय?"

या बाईच्या काखेचा घाम लागलेले ब्लाउज मी मांडीवर घेऊन उसवले होते, आणि तिला माझ्या डोक्याची शिसारी. ऑपरेशनचा कोरा कागद मी कार्डाशेजारी ठेवला. "सही करत नाही," म्हटलं. कन्नडमध्ये. बाकावरच्या बायकांना ऐकू जाईल असं.

पिशवी दुसऱ्या इस्पितळात साफ करून घेतली. तिथं ऑपरेशनचा कागद कुणी पुढे केला नाही. डॉक्टरीणबाईंचं कापड न कापता परत पाठवलं.

आता माप घेताना मी प्रत्येक बाईला विचारते, गोळ्या घेतेस काय? दुसरं औषध सुरू झालंय काय? दोन्ही एकत्र चालतात काय, ते डॉक्टरला विचार. उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नको. काही बायका लाजतात, रस्त्यावर ऐकू जाईल म्हणतात.

जाऊ दे. मी हळू बोलणार नाही.