सुपातला एक दाणा

टोकावड्याच्या अलीकडच्या पाड्यात कमळू भगत राहतो. साठी उलटलेला, हाडाचा हट्टी. पाड्यात कुणाला ताप आला की माणसं आधी त्याच्या ओट्यावर येतात. तो सुपात चिमूटभर तांदूळ टाकतो आणि दोन-दोन दाण्यांच्या जोड्या लावतो. सगळे जोडीने बसले तर दुखणं घरचं, घरीच उतरवायचं. एक दाणा उरला तर दुखणं बाहेरचं. मग माणसाला वेशीबाहेर न्यायचं, म्हणजे मुरबाडच्या दवाखान्यात. हे तो बापाकडून, गोजर भगताकडून शिकला. त्याच्याबरोबर ओढ्यापलीकडचा देवरामही शिकला. दाणा बोटाला चिकटला की गोजर दोघांच्याही बोटांवर काठी मारायचा.

गेल्या भादव्यात कमळूची नात दिपिका तापाने फणफणली. तिसऱ्या दिवशी ती पाणीही घेईना. मुलगा भगीरथ जीप आणायला निघाला, तर कमळू आडवा आला. भगतच दाणे न बघता मुरबाडला धावला तर उद्या त्याच्या ओट्यावर कोण येणार? आणि घरच्यांचे दाणे भगताने स्वतः बघायचे नाहीत, असा रिवाज. खरं सांगायचं तर म्हातारा पुरता घाबरला होता. विचारावं असा माणूस एकच, देवराम. त्याच्याशी वीस वर्षं बोलणं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वी देवराम याच रिवाजापायी आपल्या लेकीचे, बाळीचे दाणे बघायला कमळूकडे आला होता. पोर आठ वर्षांची. दाणे जोडीने बसले. कमळूने जसे पडले तसे सांगितले, देवराम घरी परतला आणि दोन दिवसांनी बाळी गेली. "देवानं दिलं तेच मी वाचलं," असं कमळू तेव्हापासून ज्याला त्याला ऐकवतो. कुणी विचारलेलं नसतं.

आता तो ओढा ओलांडून देवरामच्या दारात उभा राहिला.

"नातीचे दाणे बघशील का रे?"

देवरामने त्याला बस म्हटलं नाही. आतून सूप आणलं, चिमूट टाकली, जोड्या लावायला घेतल्या. शेवटी दोन दाणे उरले. त्यांच्यावरून देवरामचा अंगठा फिरला आणि सुपात एकच राहिला. दुसरा नखाखाली गेला होता. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं, पण कमळूने त्याच बोटांशेजारी बसून मार खाल्लेला होता.

"बाहेरचं हाय," देवराम म्हणाला. "मुरबाडला ने. आत्ताच्या आत्ता."

कमळू आल्या पावली माघारी वळला. घरी येऊन त्याने भगीरथला जीप आणायला सांगितली. पोरीला चार दिवस सलाईन लागलं. आणखी एक दिवस काढला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टरीणबाईंनी भगीरथला सुनावलं. पाचव्या दिवशी दिपिका घरी आली आणि भात मागू लागली.

आठवड्याने कमळू मानाचा कोंबडा घेऊन ओढ्यापलीकडे गेला. कोंबडा देऊन मुकाट्याने परत यायचं, तर तो कमळू कसला!

"देवराम, जोडी होती रे. तू एक ढापलास."

"ढापला."

"देवाच्या सुपातला?"

देवराम कोंबड्याच्या पायाची दोरी सोडत होता. गाठ सुटली.

"बाळीच्या टायमाला तू ढापशील," तो म्हणाला, "म्हणून तर मी तुझ्याकडं आलतो."