गजभिये सरांच्या उजव्या बाजूची सीट

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींची आधी हात जोडून माफी मागतो. लेख मागून चार महिने झाले, तीन वेळा निरोप आले, आणि दर वेळी मी डोळ्यांचे कारण पुढे केले. कारण खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. आदरणीय मधुकरराव गजभिये सरांची पंचाहत्तरी तोंडावर आली आहे. त्याच्याही आधी, येत्या रविवारी, रायपूरचे गिऱ्हाईक त्यांची गाडी पाहायला येणार आहे. म्हणून आज सकाळपासून लिहायला बसलो आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला, बसमध्ये कंडक्टरी केलेला माणूस. भाषा सुधारून घ्यावी, मात्र यातले एकही वाक्य गाळू नये.

सरांची आणि माझी पहिली ओळख उकव्याच्या घाटात झाली. मी बालाघाट-बैहर बसवर होतो. मागे बराच वेळ एक परदेशी गाडी चालली होती. पुढे काढायची म्हणून ती थोडी बाहेर यायची आणि पुन्हा मागे जायची. पाहिले तर चालवणारा डाव्या बाजूला बसलेला! अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या बाजूने त्यांना बसच्या पुढचे काही दिसत नव्हते. मी पुढच्या काचेतून रस्ता मोकळा पाहिला आणि मागच्या दारातून हाताने ‘या’ म्हटले. गाडी सुळकन पुढे गेली.

उकव्याच्या स्टँडवर ते माझ्यासाठी थांबले होते. बैहरच्या शाळेत विज्ञान शिकवतात असे त्यांनी सांगितले. म्हणाले, “भाऊ, तुमी हात दाखवला म्हणून निघालो. नाही तं बैहरपर्यंत तुमचा धूरच खाल्ला असता.”

ही गाडी खाणीवरच्या एका परदेशी साहेबांनी जाताना मागे सोडलेली. सरांनी ती घेतली तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरांची घरे होती. तिच्या देशात तिला छोटी गाडी म्हणतात, असे सर सांगत. बालाघाटच्या आमच्या वॉर्डात ती वळवायला दोन घरांच्या सायकली उचलाव्या लागतात. तरी तिचे नाव ‘छोटी’च पडले. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, पुढची सीट पलंगासारखी अखंड. दर रविवारी आम्ही चार-पाच म्हातारे सरांच्या अंगणात जमतो. प्रत्येक जण घरून आपले फडके आणतो. त्यातले बिसेनजी फक्त चमकणाऱ्या पट्ट्या पुसतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. इंजिन सुरू झाले की सगळे कान देऊन ऐकत असू.

मी निवृत्त झालो तेव्हा सर घरी आले आणि म्हणाले, “आता माझ्या गाडीत कंडक्टरी करता काय? पगार नाही, चहा आहे.” त्या दिवसापासून मी त्यांच्या उजव्या बाजूला बसू लागलो. पुढची गाडी ओलांडायची असली की समोरचा रस्ता मला दिसे, त्यांना दिसत नसे. मी ‘थांबा’ म्हटले की सर थांबत, ‘जाऊ द्या’ म्हटले की जात. माझ्या शब्दावर कोणी जीव सोपवावा असा दुसरा मान मला आयुष्यात मिळाला नाही.

सरांचा खरेपणा किती, याची एक गोष्ट सांगतो. छोटीच्या मागच्या दिव्याची लाल काच फुटली होती. तशी काच कुठेच मिळेना. शेवटी सरांनी एका दुकानाच्या जुन्या पाटीचे लाल प्लास्टिक कापून, तासून, हुबेहूब काच बनवली. नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात परीक्षकांनी विचारले, “सगळे भाग मूळचेच ना?” बिसेनजी मागून कुजबुजले, “हाँ बोल दो सर, कौन देखता है।” सर म्हणाले, “नाही साहेब, ही काच बालाघाटच्या साडीच्या दुकानाची आहे.” बक्षीस दुसऱ्या गाडीला गेले. परत येताना बिसेनजी गोंदियापर्यंत बोलले नाहीत.

आणि सरांचा दयाळूपणा. छोटी वरातीसाठी मागायला पुष्कळ जण आले. सरांनी कोणाला दिली नाही. पण वॉर्डात कोणाला दवाखान्यात न्यायचे असले तर विचारायचे नाही, फक्त हाक मारायची, असा त्यांचा नियम. माझ्या सुनेचे दोन्ही बाळंतपणांचे फेरे छोटीनेच केले.

आता जे लिहायचे आहे ते लिहितो.

गेल्या हिवाळ्यात रामपायलीच्या रस्त्यावर छोटीला अपघात झाला, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. सरांचा अंदाज चुकला, वय झाले, असे आपण सगळे म्हणालात. मी ते खाली मान घालून ऐकले. खरी गोष्ट अशी की त्याच्या आधी सहा महिन्यांपासून माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्यात उतरत होता. मी कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर ती सीट गेली असती. दिसत नसे म्हणून मी सारखा ‘थांबा’ म्हणत असे. त्या सकाळी निघताना अंगणात बिसेनजी सगळ्यांसमोर म्हणाले, “इनके थांबा-थांबा में तो रामपायली पहुँचते-पहुँचते राम-राम हो जाएगा!” सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनाला लागले.

वारासिवनीच्या पुढे धानाच्या तणसीने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्ता अडवून पुढे चालली होती. सरांनी विचारले, “काय भाऊ?” मला समोर नुसते पांढरे धुके दिसत होते. मी म्हणालो, “जाऊ द्या सर!” आणि मोठ्याने म्हणालो.

समोरून ट्रक होता. सरांनी छोटीला कशी परत डावीकडे घेतली ते मला आजही कळत नाही. पुलियाच्या कठड्यावर तिचे नाक आपटले. सरांचे मनगट मोडले. मला खरचटलेसुद्धा नाही. माणसे जमली. सरांचे चिरंजीव प्रशांत नागपूरहून धावत दवाखान्यात आले. त्यांच्यासमोर सर म्हणाले, “भाऊंनी थांबा म्हटलं होतं. मीच ऐकलं नाही.”

जो माणूस एका लाल काचेसाठी खोटे बोलला नाही, तो माझ्यासाठी बोलला. मी तिथेच उभा होतो आणि तोंड उघडले नाही. प्रशांत किल्ली घेऊन गेले, आणि आता त्यांनी छोटी विकायला काढली आहे. त्यांची चूक नाही. वडिलांच्या जिवाची काळजी कोणाला नसते?

आठ दिवसांनी सर, हाताला प्लास्टर, माझ्या दारात उभे. “चला भाऊ, नागपूरले डोळे दाखवून येऊ.”

“माझे डोळे ठीक आहेत सर.”

“हौ, म्हणूनच परवा माशीसकट चहा पेऊन राह्यलते!”

बसमध्ये मी रडलो. विचारले, “तुमाले माहीत होतं?” सर म्हणाले, “दिवाळीपासून. वळणावर मी सोताच वाकून पाहत होतो.”

“मंग मले उतरवलं काहून नाही?”

“उतरवलं असतं तं तुमी घराबाहेर निघाले असते काय? पण त्या दिवशी तुमी इतक्या जोरात म्हटलं, मले वाटलं आज खरंच दिसलं.” मग म्हणाले, “आता हे कोणाले सांगू नका. माणसाची लाज राहू द्या.”

सरांचा हा शब्द मी पाळला, कारण पाळणे मला सोयीचे होते. माझी दोन्ही ऑपरेशने झाली. त्याच दवाखान्यात डॉक्टरांनी सरांचेही डोळे तपासले. ते चांगले निघाले, कागद सरांच्या कपाटात आहे. सर मात्र बसने फिरतात. परवा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. उतार आला की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा बसच्या नुसत्या पत्र्यावर दाबला जात होता.

संपादक महोदय, ग्रंथ छापून येईपर्यंत थांबू नका. हा लेख रविवारच्या आधी प्रशांतना वाचून दाखवा. वडिलांनी या वयात गाडी चालवावी की नाही, ते घरचे ठरवतील. पण ठरवायचे ते सरांकडे पाहून ठरवावे, माझ्या पापावरून नाही. मी पुन्हा त्या सीटवर बसणार नाही. बिसेनजींचे डोळे पक्के आहेत, तोंडही पक्के आहे.

गजभिये सरांना शंभर वर्षे लाभोत. गुडघे, मनगट, डोळे शेवटपर्यंत साथ देवोत, आणि माझ्यासारख्यांचे ओझे त्यांच्यावर कमी पडो, हीच तथागतांच्या चरणी प्रार्थना. मी शनिवारी दिवसभर घरीच आहे, कुठे जाणार नाही. काय ठरले ते लवकर कळवा. शब्द मोडला म्हणून सर माझ्यावर रागावले असतील, तर तेही कळवा, पण कळवा.