रोहित पक्ष्यांचा वाटा

ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी आले आणि आमच्या जाऊबाईंचे पाय जमिनीवर राहिनात. वर्तकनगरात राहणाऱ्या या बाईंनी दुर्बीण घेतली, पेपरात लेख लिहिला आणि खाडीचं अभयारण्य व्हावं म्हणून सभा भरवायला सुरुवात केली. मी डोंबिवलीची. आमच्याकडे कावळे येतात. शेवटी नव्वदच्या दशकातल्या एका मार्चमध्ये ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी ठाण्याला निघाले. पक्षी बघायचे होतेच, पण जाऊबाईंची मिजास किती चढलीय तेही बघायचं होतं.

कोळीवाड्याच्या बंदरावर त्या टोपी घालून उभ्याच होत्या. "अगं, उशीर केलास! आता भरती लागेल," एवढंच स्वागत. समोर ओहोटीचा गाळ दूरवर उघडा पडला होता आणि त्याच्या टोकाला गुलाबी पट्टा हलत होता. जाऊबाईंच्या पुढे जावं म्हणून मी पाऊल टाकलं आणि पोटरीपर्यंत रुतले. चप्पल गेली ती गेलीच. पक्षी मात्र इतके सुंदर होते, की ते जाऊबाईंना आधी दिसले याचा मला नव्याने राग आला.

मला बाहेर ओढलं हिराबाई कोळिणीने. ती त्याच गाळात निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) धरत होती. पाय धुवायला तिने घरी नेलं आणि दारातच माझं कपाळ आपटलं. उधाणाचं पाणी घरात शिरतं म्हणून त्यांनी जोतं दोनदा उचललं होतं, चौकट जुनीच.

"वाकूनशी ये गो बाय," ती हसली. "पानी वर येतंय, मंग आमीपन वर जातंव. छप्पर हाय तवर."

पृथ्वी तापून समुद्र चढतोय, हे मी पेपरात कुठेतरी आतल्या पानावर वाचलं होतं. तिने तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण पुढे केलं. जाऊबाई मासे खात नाहीत, म्हणून मी दोनदा वाढून घेतलं.

दुपारी बंदरावर सभा झाली. एक सरकारी साहेब नकाशा घेऊन आले होते. खाडीकाठची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडायची नाहीत, याला सगळे कबूल. उधाणाचा जोर तीच अडवतात. पण सगळा गाळ पक्ष्यांसाठी राखीव, माणसाने उतरायचं नाही, असं साहेब म्हणाले आणि हिराबाई उठली. तिचं घर त्या गाळावरच चालत होतं.

"सायब, मासली आली का आमी वाटं घालतो. होडीचा येक, जाल्याचा येक, मानसाचा येक. तुमच्या पाखरांचा बी घालू. पैलाड त्यांचं, ऐलाड आमचं. सगलंच कसं द्यावं?"

"अहो, पक्ष्यांना हद्द कळत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"तुमाला तरी कलते का गो? दुर्बीन लावूनशी आमचे जाल्यावरून चालताव!"

सगळं बंदर हसलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

साहेब म्हणाले, "कायद्यात अशी सोय नाही. वर मांडून बघतो."

"तुमी मांडा. आमी आजपासून पैलाड जात नाय," हिराबाई म्हणाली आणि मागच्या बायकांनी माना डोलावल्या.

आता जाऊबाई रुसतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या रुसल्या नाहीत. हद्दीचे खुंट कुठे रोवायचे यावर हिराबाईशी भांडत त्या भरतीच्या पाण्याकडेच निघाल्या, साडी खोचून. मला कोणी बोलावलं नाही. दुर्बिणीपेक्षा, लेखापेक्षा मला त्या भांडणाचा हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.

परतताना मी ह्यांना स्कूटर आमच्या डोंबिवलीच्या खाडीकडे घ्यायला लावली. थोडी तिवरं उरली होती आणि त्यांच्यावर एक डंपर राडारोडा ओतत होता.

"कोणाला विचारून टाकताय?" मी ओरडले.

"इथे विचारायला आहेच कोण, ताई?" ड्रायव्हर खरोखरच इकडेतिकडे बघत म्हणाला, आणि त्याने डंपर अजून थोडा मागे घेतला.